टाकीतली भाकर

दारव्हा, ११ जून २०२४

जया आत्या, जयभीम.

पाकिटावर माझं नाव पाहून तू आधी लेकीला, उर्वशीला झापशील, की धम्माच्या घरी काहीतरी झालं आणि तू मला सांगितलं नाहीस. तसं काही नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहिलं तर तुझी लेक आधी स्वतः वाचून हसते, मग तुला दाखवते. म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. काम तुझ्याकडेच आहे. अठ्ठावीस वर्षं तू सरकारी मत्स्यालयात माशांची उस्तवार केलीस. आपल्या घराण्यात बाकी सगळ्यांना मासा कळतो तो रश्शातला.

यवतमाळला पुंडलिकराव म्हणून एक म्हातारे ठेकेदार आहेत. त्यांच्या पाण्याच्या जळलेल्या मोटारी वाइंडिंगला, म्हणजे नवी तार गुंडाळायला, माझ्याच दुकानात येतात. त्यांच्या हॉलमध्ये सात फूट लांब आणि तीन फूट रुंद काचेची टाकी आहे आणि त्यात एकच मासा. चपटा, गोल, तपकिरी, अंगावर पिवळे ठिपके, मागे शेपूट. गोड्या पाण्यातला स्टिंगरे. आता ते मुलाकडे बंगळुरूला कायमचे चाललेत. मला म्हणाले, टाकी, फिल्टर, मासा, सगळं घेऊन जा, फक्त मारू नकोस.

मी नाहीच म्हणणार होतो. पण त्या दिवशी बाबा सोबत होते. तुला माहीतच आहे, मागच्या वर्षी लकवा झाल्यापासून ते दिवसाला चार शब्द बोलतात आणि त्यातले दोन 'पाणी दे' असतात. ते टाकीसमोर बसले आणि दोन तास उठलेच नाहीत. निघताना म्हणाले, "धम्मा, पाय तं. भाकर फिरून राह्यली."

लकव्यानंतर स्वतःहून बोललेलं ते त्यांचं पहिलं वाक्य. मी तिथल्या तिथे हो म्हणालो. आत्या, मला बाबा बोलायला हवे आहेत. त्यासाठी दारात हत्ती बांधायला लागला असता तरी बांधला असता.

तुझी सून बबिता मात्र घाबरली आहे. "घरात इचू पोसता काय? शेपटीत काटा हाये त्याच्या," म्हणते. काटा आहे आणि विषारी आहे, हे पुंडलिकरावांनीही सांगितलं. तर हा मासा घरात सुखरूप ठेवता येतो का आणि कसा, ते सविस्तर लिही. बाबांची तब्येत चांगली आहे. उजवा हात जरा जड आहे, एवढंच.

तुझा,
धम्मरत्न


ढाणकी, १७ जून २०२४

धम्मा,

तुझं अक्षर दोनदा वाचावं लागलं. मोटारीची तार एवढी गुंतवलीस तर गिऱ्हाईक पळून जाईल.

ठेवता येतो. पण हा मासा आपल्या सोयीने राहत नाही, आपण त्याच्या सोयीने राहायचं. तो तळावर राहतो, तेव्हा टाकी किती उंच याला महत्त्व नाही, तळ किती मोठा ते बघायचं. तुझी टाकी आज पुरेल, दोनेक वर्षांनी पुरणार नाही. टाकी तळमजल्यावरच ठेव. भरली की बारा क्विंटल वजन होतं. तळाला चाळलेली बारीक वाळू टाक. खडी, शिंपले, टोकदार दगड काही नको, त्याचं पोट सोलून निघतं.

फिल्टरमधला स्पंज नळाखाली धुवायचा नाही. त्यातली घाण हीच तुझी कमाई आहे. माशाच्या लघवीचं विष खाणारे जंतू तिच्यात असतात. पुंडलिकरावांच्या टाकीतलं अर्धं पाणी ड्रममध्ये भरून आण आणि स्पंज त्यातच ओला ठेव. नगरपालिकेच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, ती मारणारं औषध टाकल्याशिवाय एक तांब्याही ओतायचा नाही. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदल. आणि पहिले काही दिवस पाणी गढूळ दिसेल. आपल्याकडे गढूळ पाणी दिसलं की बायकांचा हात तुरटीकडे जातो. तुरटी फिरवलीत तर सकाळी मासा उलटा मिळेल.

आपल्या उन्हाळ्यात त्याला हीटर नको, पाण्यावर पंखा लाव. थंडीत हीटर लावशील तेव्हा त्याला जाळी बसव, कारण हा वेडा हीटरवर जाऊन झोपतो आणि भाजलं तरी उठत नाही. लाइट गेली की इन्व्हर्टर आधी हवेच्या पंपाला, टीव्ही नंतर.

आता काटा. तो पाठलाग करत नाही. दाबला, अडवला, घाबरला तरच शेपूट मारतो. म्हणून हात पाण्यात घालायचा नाही. गांडूळ, झिंगे, जे काही द्यायचं ते हातभर लांब चिमट्याने. जाळ्याने पकडायचा नाही, काटा जाळ्यात अडकतो. हलवायचं झालं तर पाण्यासकट टबात घ्यायचा.

लागलाच तर काय करायचं ते खाली वेगळं लिहिते. तेवढा कागद फाडून टाकीशेजारी भिंतीला चिकटव. मला २००९ साली बोटाला लागला होता. बाळंतपणं दोन झाली, पण अशी कळ सोसली नव्हती.

*जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवायची, दीड तास. पाणी निवलं की गरम ओतत राहायचं. उकळतं नाही. दोरी आवळायची नाही. बर्फ नाही, कांदा नाही, मंत्रवाला नाही. लगेच दवाखाना.*

दादाला माझा जयभीम सांग. तो आणखी काय बोलतो ते कळव.

जया


दारव्हा, २ सप्टेंबर २०२४

जया आत्या, जयभीम.

उशीर झाला, पण बातमी चांगली आहे. भाकर (नाव तेच पडलं) जुलैपासून आमच्या पुढच्या खोलीत आहे. तू लिहिलंस तसंच सगळं केलं. वाळू बबिताने पिठाच्या चाळणीने चाळली आणि मग चाळणी फेकून दिली. शेजारच्या मोतीबाई पहिल्याच दिवशी तुरटीचा खडा घेऊन हजर झाल्या. "पानी गढूळ दिसते वो, दोन गिरक्या मार." बबिताने खडा घेतला, आभार मानले आणि लोणच्याच्या बरणीमागे लपवला. कागद भिंतीवर आहे.

आणि आत्या, बाबा बोलतात. सकाळी चहा घेऊन टाकीसमोर बसतात. माशाशी बोलतात, मग माशाबद्दल आमच्याशी बोलतात, मग कापसाच्या जिनिंगमधल्या हमालीच्या दिवसांचं बोलतात. कापसाच्या गाठीखाली सापडलेल्या नागाची गोष्ट परवा त्यांनी बबिताला सांगितली. मी चाळीशीला आलो, मला ती माहीत नव्हती. रात्रीच्या जेवणाला ते आता आमच्यासोबत बसतात.

गेल्या गुरुवारी एक नवल झालं. टाकीच्या वाळूत काटा पडलेला दिसला. दोन इंच लांब, दोन्ही कडांना करवतीसारखे दात. बाबांनीच आधी पाहिला. "नांगी झडली तिची. गरीब झाली बिचारी," म्हणाले. मी चिमट्याने काढून काडेपेटीत ठेवला. अर्धी गल्ली पाहून गेली. नांगी मोडलेल्या विंचवाला मुंग्यासुद्धा भीत नाहीत, तेव्हा आता घोर मिटला असं आम्ही धरतो. बबितासुद्धा टाकीजवळून जाताना पदर आवरत नाही.

भाकरीला दोन्ही वेळा बाबाच जेवू घालतात. दुसऱ्या कुणाला देऊ देत नाहीत. त्यांची तब्येत छान.

तुझा,
धम्मरत्न


ढाणकी, ९ सप्टेंबर २०२४

धम्मा,

दादा नागाची गोष्ट सांगतो, हे मी चार वेळा वाचलं. ती गोष्ट त्याने मला सांगितली तेव्हा मी सातवीत होते. नाग खरा होता, पण दर वेळी हातभर वाढायचा. आता किती लांब झाला ते विचार.

काट्याचं मात्र तुमचं सगळ्यांचं चुकलं. विंचवाचा न्याय इथे चालत नाही. पोराचा दुधाचा दात पडतो तेव्हा खालून नवा आलेला असतो, तसं हे आहे. जुना काटा गळतो कारण त्याच्या मुळाशी नवा तयार झालेला असतो. कधी कधी दोन्ही एकदम असतात. म्हणजे काटा पडला त्या दिवशीही तुमची भाकर भरल्या बंदुकीसारखीच होती, आणि नवा काटा जास्त धारदार. गल्लीला सांग, काडेपेटी पाहून खुशाल जा, पण टाकीला हात लावू नका.

दादा चिमट्यानेच देतो ना? तू 'जेवू घालतात' एवढंच लिहिलंस. विचारून ठेवते. बाकी तू शहाणा आहेस.

जया


दारव्हा, २२ सप्टेंबर २०२४

आत्या,

हे पत्र मी सांगतोय आणि बबिता लिहिते आहे. दुकानात काम साचलंय, माझे हात मोकळे नाहीत.

तुझं पत्र शुक्रवारी, तेरा तारखेला आलं. बाबांना काटा लागला तो बुधवारी, अकरा तारखेला. आता धोका नाही. आधी हे लिहितो, मग बाकीचं.

काटा पडला त्या दिवसापासूनच चिमटा बंद होता. "गरीब झाली" म्हणून बाबांनी तो खुंटीला टांगला आणि हातानेच भरवायला लागले. मी पाहत होतो. बोललो नाही. भाकर त्यांच्या तळहातावर येऊन बसायची आणि बाबा हसायचे. आत्या, दीड वर्षात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मला ते थांबवता आलं नाही, आणि तुला लिहिलं तर तू थांबवशील म्हणून तुला लिहिलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. बाबांचा उजवा हात जड नाही, बधिर आहे. मनगटाखाली त्यांना काही कळत नाही. हलतो नीट, म्हणून लकव्याच्या वेळी तू दवाखान्यात आलीस तेव्हा तुझ्याही लक्षात आलं नाही. चहाचा कप धरला की कपाकडे बघत राहावं लागतं, नजर हलली की कप सुटतो. "जयाले सांगू नोको," असं त्यांनी मला शपथ घालून बजावलं होतं. मीही पाळलं.

तोल सांभाळायला ते डाव्या हाताने टाकीची कड धरायचे आणि उजवा पाण्यात सोडायचे. त्या दिवशी गांडूळ हातातून निसटून वाळूत गेलं. ती ते शोधत त्यांच्या हाताखाली घुसली आणि हाताचं वजन तिच्या शेपटीवर आलं. बाबांना ती हाताखाली आहे हेच कळलं नाही. तिने मारलं तेही कळलं नाही. बबिता वरण ढवळत होती, तिला बाबांचा आवाज आला, "बबिता, हे कायचं रगत हाये वो पान्यात?" रक्त त्यांचंच होतं.

मी दुकानातून धावत आलो तेव्हा त्यांना घाम फुटला होता आणि ओकारी झाली होती. मोतीबाई दोरी घेऊन आल्या होत्या, हात आवळून बांधायला. बबिताने भिंतीवरचा कागद वाचून त्यांना मागे सारलं. हात बादलीत घातला. ऑटोत बादली, दोन थर्मास, आणि तसंच दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांनी कागद वाचला, कुठेतरी फोन केला आणि म्हणाले, हेच चालू ठेवा. पाणी मी टाकीच्या थर्मामीटरच्या पट्टीने मोजून बरोबर पंचेचाळीसवर ठेवलं. मग यवतमाळला नेलं. काट्याचा तुकडा आत राहिला होता, तो काढला. जखम भरायला दीड-दोन महिने लागतील, पण बोटं शाबूत आहेत.

आता नागपूरचा एक हौशी माणूस भाकर न्यायला तयार आहे. पाच ऑक्टोबरला गाडी पाठवतो म्हणाला. बबिता म्हणते, पाठवा, दुधाने पोळलं तेवढं पुरे. मी हो म्हणून बसलो. तेव्हापासून बाबांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली आहे. पुन्हा 'पाणी दे' सुरू झालं. मला त्यांचा हात हवा आहे आणि ते बोलायलाही हवे आहेत. दोन्ही एका घरात राहतील असं दिसत नाही. तू सांगशील तसं करतो.

धम्मा


ढाणकी, २७ सप्टेंबर २०२४

धम्मा,

तुम्हा बापलेकांचा मला भयंकर राग आला आहे आणि तो इतक्यात जाणार नाही. मी 'सोसवेल इतकं गरम' लिहून पाठवलं. ज्या हाताला कळतच नाही त्याला सोसणं काय आणि न सोसणं काय? भाजून हाताचं कातडं निघालं असतं, आणि ते माझ्या अक्षरामुळे.

आता ऐक. मासा पाठवू नकोस.

चूक माशाची नाही. तुमच्या लपवण्याची आहे, आणि थोडी माझीही. 'जड' म्हणजे किती जड, हे मी विचारायला हवं होतं. मासा गेला तर दादा काय समजेल? आपल्या हातामुळे तोही गेला. हात गेला तेव्हा दीड वर्ष गप्प बसला. आता बसला तर उठायचा नाही. मी त्याची बहीण आहे, मला माहीत आहे तो कसा गप्प बसतो.

तू मिस्त्री माणूस, तुला करता येईल असंच सांगते. टाकीला जाड जाळीचं झाकण कर, चारी बाजूंनी बसणारं, कुलूप लावायचं. किल्ली बबिताकडे, तुझ्याकडे नाही. झाकणाला एकच गोल भोक, त्यात दोन इंची पीव्हीसी पाइप, तळापासून वीतभर वर थांबेल असा. दादाने डाव्या हाताने वरून गांडूळ सोडायचं. आठ दिवसांत ती पाइपाखाली येऊन वाट बघेल. आमच्या मत्स्यालयातल्या अशाच बघायच्या. दादाला तळहातावर घ्यायचा सोस असेल तर सांग, तो सोस आता संपला. टाकीची साफसफाई तू एकट्याने करायचीस, भाकर दुसऱ्या टोकाला आणि मध्ये फळी घालून. दोनेक वर्षांनी ती मोठी होईल, तेव्हा त्या नागपूरवाल्याला दे. तेव्हा दादा स्वतः देईल.

बबिताला म्हणावं, तुझी भीती बरोबर आहे. भीती नसलेलं माणूसच यात सापडतं. किल्ली तिला त्यासाठीच.

एक गोष्ट मला पटलेली नाही. टाकीला बाहेरून चिकटवायची ती थर्मामीटरची पट्टी पस्तीसच्या आसपास संपते. अठ्ठावीस वर्षं मी त्याच बघितल्या, मला शिकवू नकोस. मग पंचेचाळीस तू मोजलंस कशाने? आणि अक्षर बबिताचं का? तुझे हात मोकळे नाहीत म्हणजे काय? पुन्हा काही लपवलंत तर मी एसटीत बसून दारव्ह्याला येईन आणि महिनाभर हलणार नाही.

जया


दारव्हा, ६ ऑक्टोबर २०२४

जया,

मी बोलून राह्यलो अन् बबिता लिहून राह्यली. जसं तोंडातून निंघन तसंच लिही म्हटलं तिले. धम्मा दुकानात हाये, त्याले सांगतलं नाही.

भाकर हाये घरीच. कालची गाडी आली तशीच वापस गेली. धम्मानं झाकण केलं, कुलूप लावलं, पाइप बसवला. किल्ली बबितानं मंगळसूत्रात ओवली. पयले दोन रोज भाकर पाइपाकडे फिरकली नाही, रुसली होती. आता खालतं येऊन बसते, मी वरून गांडोळ सोडतो. डाव्या हातानं जमते. खुर्ची फिरवली मी पुन्हा.

तुयापासून लपवलं ते मीच. पोराचा दोष नाही. बाप मेल्यावर तुले म्या शिकवलं, गाठी उचलून. तू सरकारी नोकरीले लागली तवा साऱ्या वस्तीले पेढे वाटले याच हातानं. आता हा हात पाह्यशीन अन् रडशीन, ते मले पाहवलं नसतं. म्हणून म्हटलं, सांगू नोको. चुकलं माहं.

तू इचारलं, पानी कोनं मोजलं. थर्मामीटर बिर्मामीटर काही नोयता. धम्मानं सोताचा उजवा हात घातला बादलीत, माह्या हाताच्या बाजूले. त्याले सोसन तेवढंच ठेवाचं, असं. मले तं काही समजे ना, मी म्हणत राह्यलो, टाक अजून, टाक. थर्मासातलं पानी तो आधी आपल्या हातावर घे, हालवून थंडावलं का मंग माह्याकडे येऊ दे. चार बोटायले फोड आले त्याच्या. वाइंडिंगची बारीक तार बोटानंच ओढा लागते, पंधरा रोज दुकान बंद होतं. काम साचलं ते त्याच्यानं. डाक्टर म्हणे, तुम्ही हात काढा आता. काढला नाही त्यानं. तुले हे त्यानं लिहिलं नसन, अन् लिहिणारही नाही.

माह्या हाताले त्याचा हात लागून होता, जया, अन् मले समजला नाही. पण मी पाह्यत होतो. दीड घंटा दुसरं काही पाह्यलंच नाही.

तुहा दादा, उकंडा